गाडी चांगली, पण शोरूमचा ताप. पुढची गाडी त्याच कंपनीची घ्यावी का? (सातारा)

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात पहिल्यापासून एकाच कंपनीच्या गाड्या. पप्पांची पहिली, ती विकून दुसरी, आणि अडीच वर्षांपूर्वी घेतलेली माझी दीडशे सीसीची. पप्पा तर असे की गल्लीत कुणी दुसऱ्या कंपनीची गाडी आणली की लांबूनच मान हलवणार. कंपनीचं नाव घेत नाही, डीलरचंही नाही, उगाच लचांड नको, आणि मित्रांच्या तोंडून दुसऱ्या कंपन्यांबद्दलही हेच रडगाणं ऐकलंय.

तर झालं असं. मी रोज मेढ्याला जातो, जाऊनयेऊन पन्नासच्या आसपास, गाडी आत्ता ३१ हजार झालीय. दिवाळीनंतर थंडी पडली तसा सकाळी पहिल्या स्टार्टला डाव्या बाजूने टकटकटक आवाज यायला लागला. दोन मिनिटं, फार तर तीन. गरम झाली की आवाज गुल. आता गंमत अशी की घरातून शोरूमला पोचेपर्यंत गाडी गरम होतेच की! तिथला ॲडव्हायझर कान लावतो, रेस देतो आणि म्हणतो "सर काहीच नाहीये, या मॉडेलला एवढा आवाज नॉर्मल आहे." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी अडून बसलो तर टॅपेट सेटिंग केलं म्हणून ४५० रुपये लावले, दुसऱ्या दिवशी सकाळी परत टकटकटक. मग मी म्हणालो अहो गाडी वॉरंटीत आहे, खोलून तर बघा, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणे "सर तुमची एक सर्व्हिस अकराशे किलोमीटर लेट झालीय, वॉरंटी लॅप्स दाखवतंय." म्हणजे आधी आवाजच नाही आणि आता आवाज आहे पण वॉरंटी नाही!

आणि वर निघताना हळूच, "सर कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा सांगा हां, नाहीतर आमचं इन्सेन्टिव्ह जातं." खरं सांगतो, त्या पोराची दया आली म्हणून मी दहा सांगितले आणि नंतर स्वतःवरच चिडलो.

आता धाकट्याला पाडव्याला गाडी घ्यायचीय. पप्पा म्हणतात आपलीच कंपनी. धाकटा म्हणतो तुमच्या कंपनीला लांबूनच नमस्कार. गाडी म्हणून माझी तक्रार नाहीये, ॲव्हरेज पन्नासच्या वर देते, यवतेश्वरच्या घाटात डबलसीट आरामात चढते. गाडी बघून घ्यायची का शोरूम बघून? आणि ते एक्स्टेंडेड वॉरंटीचं काय, पैसे भरण्यात अर्थ आहे का?

कोरेगाव_लोकल

भावा सोड शोरूमचा नाद. आमच्याकडं स्टेशन रोडला एक मिस्त्री आहे, गाडी वळणावर असतानाच आवाजावरून सांगतो काय झालंय ते. दोनशे रुपयात काम आणि वर चहा तोच पाजतो. वॉरंटी म्हणजे लग्नातली आहेराची पाकिटं, उघडून बघितल्याशिवाय आत किती आहे कळत नाही 😄

जुना_सल्लागार

मी सांगली जिल्ह्यात एका वर्कशॉपला आठ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता शेती आणि थोडा स्पेअरचा धंदा करतो, त्यामुळं मोकळेपणानं बोलतो.

यवतेश्वर दादा, तुमच्या आवाजावरून मला टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारा पार्ट) वाटतोय, न ऐकता छातीठोक सांगत नाही. पण आवाज राहू द्या बाजूला, वॉरंटी क्लेम कसा चालतो ते आधी समजून घ्या म्हणजे तो पोरगा तसं का बोलला ते कळेल.

वॉरंटीत पार्ट बदलला की कंपनी डीलरला पार्ट देते आणि मजुरी देते, पण मजुरी कंपनीनं ठरवलेल्या दरानं. बाहेरच्या गिऱ्हाईकाकडनं इंजिनच्या कामाचे जेवढे मिळतात त्यापेक्षा कमी. वर जुना पार्ट टॅग लावून जपून ठेवायचा, कंपनी मागवते, तिथं तपासणी होते, आणि त्यांना वाटलं की यात गिऱ्हाईकाची चूक आहे किंवा पार्ट उगाच बदललाय तर क्लेम रिजेक्ट, पैसे डीलरच्या खात्यातून वळते. मग मालक फोरमनला झापतो, फोरमन ॲडव्हायझरला. म्हणून जिथं दोष डोळ्यांनी दिसतो तिथं क्लेम पटकन होतो, फोर्कमधनं ऑइल गळतंय, मीटर बंद पडलाय, यात वाद नाही. आवाजाचं तसं नाही. आवाजाचा फोटो कसा काढणार? त्यामुळं "नॉर्मल आहे" हे सगळ्यात स्वस्त उत्तर.

याचा अर्थ डीलर चोर असतो असं नाही हां. आमचा जुना मालक दर महिन्याला दोन-तीन रिजेक्शन खिशातनं सोसायचा, म्हणायचा आज ह्याला टेन्शनर दिला तर हा पोरीच्या लग्नात जावयाला गाडी आपल्याकडनंच घेणार. आणि घ्यायचे लोक! त्याच्या पोरानं धंदा हातात घेतल्यावर पहिलं काय केलं असेल तर रिजेक्शनचा हिशेब मांडला. दोन वर्षांत जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. कंपनी तीच, गाड्या त्याच, बोर्डही तोच.

आता तुम्ही काय करायचं ते. संध्याकाळी गाडी वर्कशॉपला लावून या, रात्रभर तिथंच ठेवा, आणि जॉबकार्डवर (गाडी जमा करताना तक्रार लिहितात तो कागद) स्वतः उभं राहून लिहून घ्या, "थंड इंजिनला पहिली दोन मिनिटं डावीकडून आवाज." जनरल चेकअप असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, सगळी मेख तिथं आहे. तुमच्या मागच्या तीन खेपांच्या जॉबकार्डवर काय लिहिलंय ते आज घरी काढून बघा, मला खात्री आहे आवाजाचा अ पण नसणार. म्हणजे कंपनीच्या लेखी तुम्ही कधी तक्रार केलीच नाही. सकाळी फोरमन यायच्या वेळेला तुम्ही हजर राहा, पहिला स्टार्ट त्याच्या कानासमोर.

लेट सर्व्हिसचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर किंवा दिवस, जे आधी होईल ते, असं असतं आणि त्यावर बोट ठेवायचा त्यांना हक्क आहे. पण अकराशे किलोमीटर उशिरानं टेन्शनर बिघडत नाही हे कंपनीच्या माणसालाही कळतं. एरिया सर्व्हिस मॅनेजरचा नंबर मागा, नाही दिला तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, जॉबकार्ड नंबरासकट. अशा केसला 'गुडविल' म्हणून, म्हणजे नियमात बसत नसलं तरी कंपनी आपखुशीनं, मंजुरी देतात, मी स्वतः करून घेतलेल्या आहेत. मेल गेला की डीलरचा सूर बदलतो, ते फुकटचं टॉनिक.

आणि दहापैकी दहा देऊ नका हो. तो फोन हेच एक हत्यार आहे तुमच्या हातात, तेच तुम्ही देऊन टाकलं.

कराडची_मी

सल्लागार दादांनी छान सांगितलंत. मी फक्त माझ्या अनुभवातलं जोडते. मी स्वतः मोटरसायकल चालवते, कॉलेजपासून. वर्कशॉपला गेलं की पहिला प्रश्न, "मॅडम, मिस्टर नाही आले का?" मग मी काय सांगते ते माझ्याशी नाही, शेजारी जो कुणी पुरुष उभा असेल त्याच्याशी बोलतात, तो बिचारा स्वतःची गाडी धुऊन व्हायची वाट बघत असतो. त्या कंपनीची गाडी मी विकली. गाडी वाईट नव्हती, पण दर तीन महिन्यांनी जाऊन अपमान कोण करून घेणार. आताच्या ठिकाणी एक ताई रिसेप्शनला आहेत, त्या गाडीचा नंबर लक्षात ठेवतात. एवढ्यावर मी माझ्या दोन मैत्रिणींना तिथं पाठवलंय, हसा हवं तर.

एक, आवाजाचा व्हिडिओ करताना मीटर आधी दाखवा, किलोमीटर आणि टेम्परेचर (असेल तर) दिसू दे, मग न थांबवता कॅमेरा इंजिनकडे न्या. दोन, मेलला उत्तर नाही आलं तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. माझ्या भावाचं चार्जरचं प्रकरण तिथून आठ दिवसांत मिटलं. तेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो नाहीतर दिल्लीला, केस साताऱ्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, म्हणजे आपल्या मोटरसायकली सगळ्या त्यात आल्या. दोन वर्षांच्या आत करायची एवढं लक्षात ठेवा.

बारा_वोल्ट

मला हे सगळं जरा जास्तच भावनिक वाटतंय. नव्वद टक्के लोक गाडी घेताना तीन गोष्टी बघतात, ॲव्हरेज, रिसेल, आणि हप्ता किती. वॉरंटी आता सगळेच देतात, हिरो, बजाज पाच वर्षं, होंडा तीन आणि वर पैसे भरले तर दहापर्यंत. सगळ्यांकडे असली की तिच्यावर कोण गाडी निवडणार? सर्व्हिसचं पण तेच, ट्रायम्फची स्पीड ४०० घ्या, पहिल्या सर्व्हिसनंतर १६ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा जायचं. वर्षातून एकदा ज्याचं तोंड बघायचं त्याच्यासाठी कंपनी बदलायची?

एक्स्टेंडेडबद्दल: घ्यायच्या आधी न कव्हर होणाऱ्या गोष्टींची यादी वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट, केबल, बल्ब, म्हणजे ज्या गोष्टी खरंच झिजतात त्या कशातच नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी तर त्या त्या टायर-बॅटरी कंपनीची असते. इलेक्ट्रॉनिक्स जास्त असलेली गाडी असेल तर घ्या, बीएस६ (धुराचा नवा नियम) नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांचे सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) महाग आहेत. साधी शंभर सीसी असेल तर ते पैसे पेट्रोलला ठेवा.

जतचा_गडी

@बारा_वोल्ट सातारा-सांगलीत बसून वर्षातून एकदा म्हणणं सोपं हाय. जतहून सांगली पंच्याऐंशी किलोमीटर. आमच्या इथं छोटा सब-डीलर हाय, विकायला पुढं, धुवायला पुढं, ऑइल बदलायला पुढं, पण वॉरंटीचं काम निघालं की "मेनला न्या". गाडी चालत असली तर जाऊन यायला दिवस मोडतो, बंद पडली असली तर छोटा हत्ती करायचा. डाळिंबाच्या सीझनला फवारणी सोडून मी वॉरंटीसाठी सांगली गाठू व्हय? म्हणून गावात निम्म्या लोकांकडं स्प्लेंडर. १९९४ पासनं चाललीय ती, पाना कुणाच्या पण हातात द्या जुळतो, पार्ट किराणा दुकानाशेजारी मिळतो. आमची लॉयल्टी कंपनीशी न्हाई, अंतराशी हाय.

कोरेगाव_लोकल

अंतराशी लॉयल्टी 🙏 गड्यानं षटकार मारला

कृष्णाकाठ_गावभाग

सांगलीकर बोलतोय. दोन्ही बाजू पटतात पण माझा किस्सा सांगतो.

२०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर, धोक्याची पातळी ४५. आम्ही गावभागात, गाडी जिन्याखाली, म्हटलं पाणी इथवर कधी आलंय. सहा दिवसांनी परत आलो तेव्हा गाडीच्या टाकीवर गाळाचा थर आणि हँडलला कुणाचं तरी धोतर अडकलेलं. आता पुराचं नुकसान वॉरंटीत येत नाही, कुठल्याच कंपनीच्या. ते इन्शुरन्सचं काम, आणि तेसुद्धा फुल इन्शुरन्स असेल तरच, नुसता थर्ड पार्टी असेल तर विषय संपला. माझा थर्ड पार्टीच होता, कारण पैसे वाचवले होते ना शहाण्यानं.

म्हणजे डीलरला माझ्याकडून मिळण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप चिखलात. तरी फोरमन काकांचा फोन आला, त्यांच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांची वही होती, कॉम्प्युटर तर भिजलेले. पहिलं वाक्य, "स्टार्टर मारला नाही ना?" मी म्हटलं मारणारच होतो. "हात लावू नका, सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतोय. ढकलत आणा." ढकलत नेली. रस्त्यावर ताडपत्री टाकून बसलेले सगळे. प्लग काढून हळूहळू किक मारली तर प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं उडालं. ऑइल काढलं ते दुधाच्या चहासारखं. नवीन टाकून थोडं चालवून परत काढायचं, तीन वेळा केलं तेव्हा कुठं रंग आला. मजुरी घेतली नाही, ऑइल आणि फिल्टरचे फक्त घेतले.

त्यानंतर घरात दोन गाड्या घेतल्या, दोन्ही तिथूनच. दुसऱ्या शोरूमला हेल्मेट फुकट आणि पाच हजार डिस्काउंट होता. @बारा_वोल्ट तुमचा हिशेब बरोबर आहे हो, पण मला तो त्या दिवशी करता आला नाही.

येझदीवाले_काका

पोरांनो, वाचून मजा आली. माझं वय ६८, मुक्काम सातारा, येझदी १९८३ ची अजून चालू स्थितीत. एकच दांडा, आत ढकलून वर केला की किक आणि खाली पाडला की गियर. नवीन माणूस बसला की गियर शोधत बसतो.

आमच्या वेळी वॉरंटी वगैरे कुणी विचारायचं नाही, गाडी मिळाली हेच नशीब. येझदी बनवणारी म्हैसूरची कंपनी १९९६ साली बंद पडली. डीलर गेला, कंपनी गेली, तरी आम्ही गाडी सोडली नाही, कारण मिस्त्री होता. पोवई नाक्याकडं त्याचं टपरीवजा गॅरेज होतं, तो पुण्याहून पार्ट आणायचा, नाही मिळाला तर लेथवर बुश करून घ्यायचा. तो वारला तेव्हा मला गाडी विकावीशी वाटली, कंपनी बंद पडली तेव्हा नाही. आता त्याचा पुतण्या बघतो.

२०१८ ला जावा, आमच्या येझदीचीच मूळ गाडी, नव्यानं आली तेव्हा मी हौसेनं बघायला गेलो. सेल्समन पोरगा चांगला होता, मी विचारलं इंजिन कुठलं, तर म्हणाला "सर ईएमआय सांगू का?" तिथंच उठलो.

हार्लेचं बघा की. २०२० ला त्यांनी भारतातला कारखाना बंद करायचं जाहीर केलं, लाखो रुपये मोजलेली माणसं हवालदिल. मग हिरोशी करार झाला, सर्व्हिस-पार्ट हिरोकडं आले, आणि २०२३ मध्ये तर हार्लेची एक्स ४४० गाडी हिरोनंच बनवली. म्हणजे कंपनीचं नाव तेच आणि पाना दुसऱ्याच्या हातात. असंही होतं.

बारा_वोल्ट

काका, ईएमआय सांगू का 😂😂 हे मान्य.

एक गोष्ट राहिली, बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली की वॉरंटी जाते ही भीती घालतात त्याबद्दल. कारच्या बाबतीत हा विषय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता, २०१४ ला १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला, सुटे भाग बाहेर न विकणं आणि बाहेर काम केलं की वॉरंटी काढून घेणं यावरून. टू-व्हीलरवर तसा आदेश नाही, त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत निदान कूपनवाल्या सर्व्हिस शोरूमलाच करा आणि बिलं ठेवा. फ्री सर्व्हिस म्हणजे फक्त मजुरी फ्री, ऑइलचे पैसे द्यावेच लागतात, त्यावरून तिथं भांडू नका, तिथं ते बरोबर असतात.

जुना_सल्लागार

बारा वोल्ट साहेबांशी सहमत. फ्री सर्व्हिसच्या ऑइलवरून माझं आयुष्यातलं एक वर्ष तरी भांडणात गेलंय.

यवतेश्वर_घाट

मंडळी, अपडेट. उशीर झाला, मार्च एंडिंगची गडबड.

जुनी जॉबकार्डं काढली. पहिल्यावर "जनरल चेकअप", दुसऱ्यावर "वॉशिंग + जनरल चेकअप", तिसऱ्यावर "टॅपेट". सल्लागार दादा, आवाजाचा अ पण नाही, तुम्ही म्हणालात तसंच. मेल टाकला, ताईंनी सांगितला तसा व्हिडिओ जोडला, मीटर आधी. दोन दिवसांनी वर्कशॉप मॅनेजरचा स्वतःहून फोन, "सर गाडी संध्याकाळी लावून जा."

लावली. सकाळी साडेनऊला गेलो, फोरमन नवा होता, पन्नाशीचा, आधी कधी दिसला नव्हता. सेल मारला, टकटकटक सुरू झालं, त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला. दहा सेकंद. मग त्या ॲडव्हायझर पोराला बोलावून त्याच्याही कानाला लावला. "ऐक. हे नॉर्मल आहे?" पोरगा गप्प. टेन्शनरच निघाला. गुडविलमध्ये मंजूर झालं, माझ्याकडून गास्केट आणि ऑइलचे घेतले. जुना टेन्शनर मागितला तर म्हणाले कंपनीला पाठवावा लागतो.

फोन आला कंपनीचा. आठ दिले. का म्हणून विचारलं तर सांगितलं, चौथ्या खेपेला झालं म्हणून.

धाकट्याचं अजून ठरायचंय. काल त्यानं तीन शोरूमला फोन लावले आणि गाडीची किंमत न विचारता "तुमचा फोरमन किती वर्षं आहे तुमच्याकडे" एवढंच विचारलं. दोन ठिकाणी सेल्सला जोडून दिलं. तिसरीकडे बाई म्हणाल्या, थांबा, त्यांनाच देते. त्या कंपनीचं नाव ऐकून पप्पांनी पेपर मोठ्यानं झटकला, पण बोलले काही नाहीत. रविवारी जाऊन बघणार आहे.

येझदीवाले_काका

रविवारी वर्कशॉप बंद असतं. शनिवारी जा म्हणावं, अकराच्या आत.